वनरक्षक आणि रेंजर: अटक कोण करतं, सोडतं कोण

बिबट्या उसात दिसला, सागाच्या नगांची गाडी पकडली, वणवा विझवताना कुणी भाजलं. बातमी यांपैकी कोणतीही असो, तिच्यातला खाकी कपड्यांतला माणूस सरसकट ‘रेंजर’ होतो. कधी उलटंही होतं, आणि अख्खं परिक्षेत्र सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला ‘फॉरेस्ट गार्ड’ म्हटलं जातं. तलाठी आणि तहसीलदार यांना महाराष्ट्रात कुणीही एक समजत नाही. दाखला कुणाकडून घ्यायचा आणि अपील कुणाकडे करायचं हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. जंगलाच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसंही दोन पदांचं एक गाठोडं करतात. मग ज्याच्या हातात निर्णयच नाही त्याला घेराव पडतो, आणि जो पहाटेपासून चालतो आहे त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं.

वनरक्षक बहुतेकांनी पाहिलेला असतो, म्हणून त्याच्याबद्दल थोडक्यात सांगतो. बीट म्हणजे नियतक्षेत्र, आणि वनरक्षक त्या बीटचा धनी. काहीशे हेक्टरपासून हजार-दीड हजार हेक्टरपर्यंतचा हा तुकडा त्याने किंवा तिने पायी फिरायचा असतो. महाराष्ट्रात आता वनरक्षक मुली पुष्कळ आहेत. भरतीत पुरुषांना पाच आणि महिलांना तीन किलोमीटर धावावं लागतं, ते यासाठीच. तीन-चार बीटांचं एक परिमंडळ होतं आणि तिथे वनपाल असतो. अशी काही परिमंडळं मिळून परिक्षेत्र, म्हणजे रेंज. तिचा प्रमुख तो वनपरिक्षेत्र अधिकारी, लोकांच्या तोंडी ‘आरएफओ साहेब’ किंवा ‘रेंजर’. पदाचं सरकारी नाव वनक्षेत्रपाल, गट ब. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलेला, किंवा खालून बढतीने चढलेला. अर्जांत लोक वनपाल आणि वनक्षेत्रपाल यांची अदलाबदल करतात, पण अर्ज फिरून योग्य टेबलावर पोचतो. त्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. प्रादेशिक विभाग, वन्यजीव विभाग, वनविकास महामंडळ यांतला फरकही इथे सोडून देतो. पदांची उतरंड सगळीकडे जवळपास तीच आहे.

आणखी एक प्रतिमा बाजूला ठेवायला हवी. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांतला रुंद काठाची टोपी घातलेला पार्क रेंजर आपण पडद्यावर पाहिलेला असतो. तिथली नॅशनल पार्क सर्व्हिस १९१६ सालची. पाहुण्यांना निसर्ग समजावून सांगणारे आणि उद्यानात कायदा राखणारे, दोघेही तिथे रेंजरच. तसा माणूस ताडोब्यात शोधायला जाऊ नका. जिप्सीत शेजारी बसून वाघाचे ठसे दाखवणारा गाईड हा जवळच्या गावातला तरुण असतो, वनखात्याचा कर्मचारी नसतो. आपल्याकडची रेंजरची कल्पना इंग्रजांच्या वनखात्यातून आली. १८७८ साली देहरादूनला वनशाळा निघाली ती रेंजर आणि फॉरेस्टर घडवायला. पाहुणचाराशी या पदाचा तेव्हाही संबंध नव्हता आणि आजही फारसा नाही.

आता खरा घोटाळा. लोकांना वाटतं, रेंजर म्हणजे मोठा वनरक्षक, म्हणजे काम तेच, फक्त अधिकार जास्त आणि गाडी सरकारी. हे चूक आहे. गुन्हा घडतो तेव्हा कायदा या दोघांना वेगवेगळ्या दारांवर उभं करतो. एकाचं दार गुन्हेगाराला आत घेण्याचं, दुसऱ्याचं त्याला बाहेर सोडण्याचं. हे समजलं की बाकीचं आपोआप मार्गी लागतं, म्हणून इथे जरा थांबतो.

भारतीय वन अधिनियम १९२७ मधला ‘वन अधिकारी’ हा शब्द फक्त साहेबांसाठी नाही. बीटवरचा वनरक्षकही त्यात येतो. कलम ५२ प्रमाणे चोरीचा माल, कुऱ्हाड-करवत, बैलगाडी, होडी, बैल हे सगळं कोणताही वन अधिकारी जप्त करू शकतो. कलम ६४ प्रमाणे एक महिना किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा असलेल्या वनगुन्ह्यात कोणताही वन अधिकारी वॉरंटशिवाय अटक करू शकतो, संशयाला वाजवी कारण असलं म्हणजे झालं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ तर याहून पुढे जातो. त्याच्या कलम ५० खाली अडवणं, झडती घेणं, जप्ती करणं हा अधिकार कोणत्याही वन अधिकाऱ्याला आहे. पोलिसांत तोच अधिकार उपनिरीक्षकाच्या खाली कुणाला नाही. म्हणजे पोलीस हवालदाराला या कायद्याने जे करता येत नाही ते बारावी शिकून भरती झालेल्या वनरक्षकाला करता येतं. ‘तू साधा गार्ड, तुला काय अधिकार?’ असं नाक्यावर ओरडणाऱ्या गाडीवाल्याने हे वाचलेलं नसतं. दुर्दैवाने कधीकधी त्या वनरक्षकालाही ते कुणी ठासून सांगितलेलं नसतं.

आता दुसरं दार. वन अधिनियमाच्या कलम ६४ खाली धरलेल्या माणसाला बंधपत्र लिहून घेऊन सोडायचं असेल, तर कलम ६५ म्हणतं की हे रेंजरच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येणार नाही. रेंजरने स्वतः अटक केलेली असो वा त्याच्या हाताखालच्याने, सोडण्याचा निर्णय रेंजरचा. किरकोळ गुन्हा पैसे भरून तडजोडीने मिटवायचा असेल तर कलम ६८ येतं. तिथेही अट तीच, दर्जा रेंजरच्या खाली नको. मूळ मजकुरात तर त्या अधिकाऱ्याचा पगार महिना किमान शंभर रुपये असावा असंही लिहिलेलं आहे. १९२७ साली ही बऱ्यापैकी मोठी रक्कम होती. कायदा करणाऱ्यांना कळत होतं की पकडण्याचा अधिकार खालपर्यंत वाटला तरच जंगल वाचेल, आणि मिटवण्याचा अधिकार खालपर्यंत गेला तर जंगल विकलं जाईल.

म्हणूनच वनरक्षकाला ‘साहेब, जाऊ द्या ना, काय असेल ते बघून घेऊ’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. नोंद केल्यावर ‘जाऊ देणं’ त्याच्या हातात नसतं. तसं करायला लावणं म्हणजे त्याला गुन्ह्यात ओढणं.

वन्यजीवांच्या गुन्ह्यांत रेंजरचे हातही बांधलेले असतात, हे तितकंच ध्यानात ठेवावं. तिथे अटक केलेल्याला दंडाधिकाऱ्यासमोर न्यावंच लागतं. तडजोडीचा अधिकार उपवनसंरक्षकाच्या खाली येत नाही, आणि ज्या गुन्ह्याला किमान कैद ठरलेली आहे त्यात तडजोडच नाही. पुरावा म्हणून जबानी नोंदवण्याचा कलम ५०(८) खालचा अधिकारही रेंजरच्या वरच्या सहायक वनसंरक्षकापासून सुरू होतो, आणि ती जबानी आरोपीच्या समोर घेतलेली असावी लागते. ‘रेंजरपुढे कबूल केलंय, आता सुटत नाही’ असं चहाच्या टपरीवर ऐकलं की मला राहवत नाही. कुणापुढे कबूल केलं आणि तो कोणत्या दर्जाचा अधिकारी होता, यावर खटले उभे राहतात आणि पडतात.

या दोन दारांच्या मधे एक कागद आहे. तो वनरक्षक लिहितो. प्राथमिक वनगुन्हा अहवाल त्याचं नाव, बोलण्यात ‘पीओआर’. जंगलाच्या कुठल्या कक्षात (क्रमांक दिलेल्या तुकड्यात), किती वाजता, कुठल्या झाडाचं थुट (तोडल्यावर उरलेला बुंधा), थुटाचा घेर किती, पंच कोण, मालावर हातोड्याची खूण केली का, हे सगळं त्यात हवं. रेंजर तपास पुढे नेतो, जबाब, पत्रव्यवहार, न्यायालयाच्या तारखा सांभाळतो. पण पहिल्या कागदात कक्ष क्रमांक चुकला, किंवा पंचनामा जागेवर न करता संध्याकाळी नाक्यावर बसून लिहिला, तर पुढचा कितीही हुशार रेंजर ते भोक बुजवू शकत नाही. बचावाचा वकील पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो. माझ्या मते संपूर्ण वनखात्यातलं सर्वांत निर्णायक लिखाण हे वनरक्षकाचं आहे. त्याच्या प्रशिक्षणातला लेखनाचा भाग वाढवावा असं मला फार वाटतं.

माणसं आणि वन्यप्राणी यांच्यातल्या प्रकरणांतही हीच गल्लत होते. जुन्नर-आंबेगावकडे उसाची तोडणी सुरू झाली की बिबट्याची पिल्लं सापडतात. पिल्लं जागेवर ठेवणं, लोकांना लांब थोपवणं, आईने रात्री न्यावीत म्हणून क्रेटवर कॅमेरा लावून पहारा देणं हे खालच्या कर्मचाऱ्यांचं काम. पण बिबट्या वस्तीत शिरला की जमाव वनरक्षकाला घेरून म्हणतो, ‘आत्ताच्या आत्ता बेशुद्ध करा, नाहीतर गोळी घाला.’ हा निर्णय वनरक्षकाचा नाही, आणि (हे फारच कमी जणांना माहीत असतं) रेंजरचाही नाही. बिबट्या, वाघ हे वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधले, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेले प्राणी. त्यांना पकडण्याची किंवा बेशुद्ध करण्याची परवानगी त्याच कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाकडून यावी लागते, आणि महाराष्ट्रात ते कार्यालय नागपूरला आहे. ठार मारण्याचा आदेश तर पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं यांपैकी काहीच शक्य नाही अशी त्यांची खात्री पटल्यावरच. रेंजर अहवाल पाठवतो, पिंजऱ्यासाठी प्रस्ताव करतो, पोलिसांना बोलावतो, गर्दी पांगवतो. ते थोडं काम नाही. पण परवानगी त्याच्या खिशात नसते. जमावासमोर उभा असलेला खाकीतला माणूस त्या साखळीतला सर्वांत शेवटचा असतो, आणि दगड मात्र त्यालाच बसतात.

जनावर मेलं तरी तेच. वाघाने गाय मारली की मालकाने लगेच वनरक्षकाला किंवा वनपालाला कळवावं आणि पंचनामा होईपर्यंत मढं हलवू नये. पंचनामा जागेवर होतो, जनावराची किंमत पशुवैद्यकीय अधिकारी ठरवतो आणि भरपाईचा प्रस्ताव रेंजर वर पाठवतो. पैसे अडकले म्हणून वनरक्षकाच्या दारात भांडण्यात अर्थ नाही. त्याने पंचनामा केला आहे ना, तेवढंच त्याला विचारा. पुढची चौकशी परिक्षेत्र कार्यालयात करा.

रेंजरच्या कामाबद्दल लोकांना सर्वांत कमी कळतं ते त्याचं हिशेबाचं ओझं. रोपवाटिका, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) साफ करणं, उन्हाळ्यात पाणवठे भरणं या कामांवरच्या मजुरांची हजेरी, देयकं, मोजमाप हे सगळं त्याच्या सहीने चालतं. खाली बीट तपासणी करायची, वर बैठकींना जायचं, मधे सरपंच, आमदार, पोलीस. चांगला रेंजर तो, जो एवढं करून आठवड्यातून काही वेळा तरी एखाद्या बीटवर स्वतः चालतो आणि थुटं मोजतो. टेबलावरून परिक्षेत्र राखता येतं यावर माझा विश्वास नाही.

आणि वनरक्षकाच्या कामातला धोका कागदावर कधीच नीट उमटत नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. तेव्हा मोहफुलं वेचायला पालापाचोळा पेटवला जातो आणि वणवा लागतो. वारा फिरला की हातातल्या फांदीने आग झोडपणारा माणूस वनरक्षक किंवा त्याच्याबरोबरचा वनमजूर असतो. दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी व्याघ्रगणनेत मांसाहारी प्राण्यांच्या खुणा शोधत बीट पालथी घालणारेही तेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या कोलारा भागात याच गणनेच्या खुणांचं सर्वेक्षण करताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ती चालत होती, हातात नोंदींचं काम होतं, बरोबर वनमजूर होते. अशा मृत्यूच्या बातमीत पद चुकीचं छापलं गेलं की मला ते अक्षम्य वाटतं. पद शोधायला एक फोन पुरतो.

तुमच्यावर प्रसंग आला तर १९२६ हा वनखात्याचा मदत क्रमांक लावा आणि गाव, शिवार, शक्य असेल तर गट क्रमांक सांगा. कोण येणार आहे ते विचारून घ्या. वनरक्षक आला तर त्याला जागा दाखवा, खुणा तुडवू नका, पंच व्हायला लाजू नका, पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. रेंजर आला तर त्याच्याकडून प्रकरणाचा क्रमांक घ्या आणि प्रस्ताव कुठल्या तारखेला वर गेला ते लिहून घ्या. पकडलेल्या माणसाला सोडवायला आलेला असाल, तर वनरक्षकाशी हुज्जत घालू नका, परिक्षेत्र कार्यालयात जा. आणि गुन्हा वन्यप्राण्याचा असेल तर तिथेही न थांबता थेट वकील गाठा.