आर पॅकेजाचा ‘चेक’ नापास होण्यामागचा इतिहास

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाणांची तुलना करण्यासाठी लिहिलेली दहा-बारा फंक्शने एका पॅकेजात बांधावीत आणि ती इतरांनाही वापरता यावीत, एवढ्याच हेतूने यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी आर या सांख्यिकी भाषेतले पहिले पॅकेज तयार केले. माझ्या लॅपटॉपवर सगळी उदाहरणे सुरळीत चालत होती. मग मी तपासणीची आज्ञा, म्हणजे ‘आर सीएमडी चेक’, दिली आणि एक एरर, दोन वॉर्निंग व चार नोट एवढा ऐवज हाती आला. त्यांतील एकही सूचना माझ्या गणिताबद्दल नव्हती. कुठे अक्षरांबद्दल तक्रार होती, कुठे घड्याळाबद्दल, कुठे मी कधीही न पाहिलेल्या संगणकाबद्दल. या तपासणीतली जवळजवळ प्रत्येक ओळ पूर्वी कुणाच्या तरी झालेल्या फजितीची नोंद आहे, हे ध्यानात यायला मला बराच वेळ लागला. ते आल्यावर मात्र दुरुस्ती कुठे शोधायची हे ठरवणे पुष्कळ सोपे झाले.

आरची पूर्वज असलेली ‘एस’ ही भाषा १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. भाषा लिहिणारे आणि वापरणारे एकाच इमारतीत बसत असल्याने काही बिघडले तर शेजारच्या खोलीत जाऊन विचारता येत असे. १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर लिहायला घेतली. मार्टिन मेखलर यांच्या आग्रहामुळे १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुली झाली आणि वापरणारे जगभर पसरले. १९९७ च्या एप्रिलमध्ये व्हिएन्नातील कुर्ट हॉर्निक आणि फ्रिड्रिश लाइश यांनी ‘क्रॅन’ हे पॅकेजांचे सामायिक भांडार उघडले, तेव्हा त्यात इतरांनी लिहिलेली जेमतेम डझनभर पॅकेजे होती. आज ती संख्या २०,००० च्या पुढे आहे आणि भांडार सांभाळणारी माणसे अजूनही मूठभरच आहेत. एका पॅकेजातला बदल त्यावर विसंबलेल्या शेकडो पॅकेजांना पाडू शकतो, त्यामुळे माणसाने वाचून पाहण्याचे काम यंत्राकडे देण्याला पर्यायच उरला नाही. ही तपासणी सुरुवातीला पर्ल भाषेत लिहिलेली होती. पुढे ती आरमध्येच नव्याने लिहिली गेली.

तिचे निकाल तीन पायऱ्यांचे असतात. एरर म्हणजे काम थांबले, वॉर्निंग म्हणजे दोष गंभीर आहे, आणि नोट म्हणजे माणसाने एकदा पाहावे अशी बाब. नवखा माणूस नोटेकडे दुर्लक्ष करतो. पण क्रॅनकडे पाठवताना प्रत्येक नोट काढून टाकावी लागते किंवा ती का उरली आहे याचा खुलासा द्यावा लागतो. तपासणी संपल्यावर पॅकेजाच्या नावाने एक फोल्डर तयार होते, त्यात मुख्य लॉग म्हणजे घडले ते नोंदवणारी फाइल, इन्स्टॉल होतानाचा लॉग आणि पडलेल्या चाचण्यांच्या ‘फेल’ नावाच्या फायली असतात. पडद्यावर दिसतात त्या शेवटच्या काही ओळी. खरे कारण बहुतेक वेळा या फायलींत वर कुठेतरी असते.

मराठीत काम करणाऱ्याला सर्वांत आधी अडवतात ती अक्षरे. आर जन्मली त्या काळी संगणक इंग्रजी मुळाक्षरांपुरत्या आस्की संचावर विसंबून होते आणि प्रत्येक देशाची, प्रत्येक कंपनीची पुढची अक्षरसारणी वेगळी होती. म्हणून पॅकेजाच्या कोडमध्ये आस्कीबाहेरचे अक्षर दिसले की तपासणी आजही वॉर्निंग देते. मी तालुक्यांची नावे सरळ देवनागरीत लिहिली होती आणि तिथेच अडकलो. यावरचा मान्य उपाय म्हणजे ते अक्षर युनिकोड क्रमांकाने लिहिणे: उलटी तिरपी रेघ, मग यू, आणि पुढे चार अंक, ‘अ’ साठी ते ०९०५ असे होतात. कोड वाचायला विद्रूप होतो, पण तो कुठल्याही संगणकावर सारखाच वाचला जातो. विंडोजवर हा त्रास दुप्पट होता. तिथली आर २०२२ पर्यंत स्थानिक कोडपेज, म्हणजे त्या त्या भागाची अक्षरसारणी, वापरत असल्याने देवनागरी मजकुराच्या जागी टोकदार कंसातले क्रमांक छापले जात. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० आवृत्तीने विंडोजवर यूटीएफ-८ ही सर्व लिप्यांना चालणारी युनिकोडची पद्धत स्वीकारली आणि तो प्रश्न मिटला. मात्र त्यासाठी विंडोज १० ची १९०३ किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते, आणि आमच्याकडच्या शाळा-कॉलेजांतून जुने संगणक अजून हटलेले नाहीत.

मदतपानांची गोष्ट आणखी निराळी आहे. तपासणीच्या वेळी सगळ्या मदतपानांची एक पीडीएफ पुस्तिका लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरून तयार केली जाते आणि तिच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरीची सोय नसते. त्यामुळे ‘पऱ्हाटी’ हा एक शब्द वर्णनात आला तरी पुस्तिका बनत नाही आणि दोष मदतपानाच्या रचनेत असावा असा संदेश येतो. रचना तर बिनचूक असते! मी स्वल्पविराम आणि कंस मोजण्यात दोन संध्याकाळी घालवल्या. अशा जागी मराठी शब्द फक्त एचटीएमएल रूपात दाखवावा आणि पीडीएफसाठी रोमन लिप्यंतर द्यावे, अशी सोय मदतपानांच्या भाषेतच केलेली आहे.

अक्षरांचाच तिसरा खोडा अनुक्रमाचा आहे. तपासणीत चाचण्या चालतात तेव्हा शब्दांची क्रमवारी मुद्दाम ‘सी’ पद्धतीने, म्हणजे अक्षराच्या क्रमांकानुसार लावली जाते, कारण देशोदेशीच्या क्रमवारीमुळे एकाच चाचणीचे वेगवेगळे निकाल पूर्वी येत असत. युनिकोडमध्ये ‘ळ’ चा क्रमांक ‘व’ च्या आधी आहे, तर मराठी शब्दकोशात ‘ळ’ ची जागा ‘ह’ नंतर आहे. परिणामी गावांच्या यादीत शब्दकोशाप्रमाणे कवठा आधी आणि कळंब नंतर यायला हवे, पण तपासणीत कळंब वर सरकते. माझी चाचणी यादीतल्या पहिल्या नावावर बेतलेली होती, ती घरी पास आणि तपासणीत नापास होई. ज्या चाचणीचा निकाल क्रमवारीवर अवलंबून आहे तिथे क्रम स्वतः सांगून टाकावा, यंत्रावर सोडू नये.

काही वेळा आपला कोड जागचा हललेला नसतो, खालची जमीन सरकलेली असते. क्षेत्रीय प्रयोगात कोणत्या प्लॉटला कोणता वाण हे यादृच्छिक पद्धतीने ठरते आणि तोच आराखडा पुन्हा मिळावा म्हणून आपण आरंभसंख्या, म्हणजे यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात ती संख्या, निश्चित करतो. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० आवृत्तीत नमुना काढण्याच्या फंक्शनची पद्धत बदलली, कारण जुन्या पद्धतीत फार मोठ्या संख्यांच्या बाबतीत प्रत्येक संख्येला समान संधी मिळत नव्हती. सुधारणा योग्यच होती, परंतु तीच आरंभसंख्या देऊनही आराखडे निराळे येऊ लागले आणि जुने उत्तर लिहून ठेवलेल्या असंख्य चाचण्या एका दिवसात पडल्या. जुनी पद्धत मागता येते, पण ती मागितली की आर लगेच सावधगिरीचा इशारा देते. त्यानंतर वर्षभराने, २४ एप्रिल २०२० रोजी, ४.० आवृत्तीने तक्त्यातील मजकुराचे स्तंभ आपोआप ‘फॅक्टर’, म्हणजे ठरावीक स्तरांत वाटलेला स्तंभ, करण्याची जुनी सवय सोडली. वाणांच्या नावांचा स्तंभ फॅक्टर आहे असे गृहीत धरून त्याचे स्तर विचारणारा कोड तेव्हापासून रिकाम्या हाताने परत येतो. म्हणून जुने पॅकेज एकाएकी नापास झाले तर स्वतःच्या चुका धुंडाळण्याआधी मधल्या काळात आरच्या बदलांच्या यादीत काय आले, ते वाचून काढलेले बरे.

संख्यांच्या बारीक फरकाचेही असेच आहे. इंटेलच्या प्रोसेसरवर आर काही बेरजा ८० बिटांच्या जादा अचूकतेने करते. ॲपलच्या नव्या प्रोसेसरवर ती सोय नाही. २०२१ मध्ये ४.१.० आवृत्तीपासून आर त्या मॅकवर थेट चालू लागली आणि वर्गसंख्यांच्या बेरजेची दोन प्रोसेसरांवरची उत्तरे शेवटच्या दशांश स्थळी जुळेनाशी झाली. दोन अपूर्णांक ‘तंतोतंत समान’ आहेत का, असे विचारणारी चाचणी अशा ठिकाणी पडणारच. थोडी तफावत खपवून घेणारी तुलना आरमध्ये पहिल्यापासून आहे, तीच वापरायची.

वेळ आणि नेटवर्क या दोन बाबतींत मात्र खेड्यातला माणूस पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा लवकर शहाणा होतो. फायलींवरची वेळ भविष्यातली तर नाही ना, हे पाहण्यासाठी तपासणी इंटरनेटवरच्या एका घड्याळसेवेला विचारते. भारनियमनात टॉवर बंद पडला किंवा ती सेवाच बंद असली की ‘सध्याच्या वेळेची खात्री करता आली नाही’ अशी नोट येते आणि तिच्यात पॅकेजाचा काडीचाही दोष नसतो. याच्या उलट, पॅकेज स्वतः नेटवरून काही आणत असेल तर क्रॅनचा नियम स्पष्ट आहे: सेवा मिळाली नाही तर समजेल असा संदेश देऊन शांतपणे थांबायचे, एरर किंवा वॉर्निंग द्यायची नाही. दुसरी गोष्ट वेळेच्या पट्ट्याची. तपासणीचे सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असतात. मध्यरात्रीनंतर एक वाजता आलेल्या पावसाची नोंद त्यामुळे आदल्या तारखेत जाऊन पडते आणि दिवसाच्या बेरजेची चाचणी चुकते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला मोजला जातो, तेव्हा पर्जन्यमानाचे पॅकेज लिहिणाऱ्याने ‘एशिया/कोलकाता’ हा पट्टा प्रत्येक ठिकाणी उघड लिहिणे अगत्याचे आहे.

तपासणीत येणारी आणखी एक नोट, कोडमध्ये वापरलेले पण कुठे ठरवलेले दिसत नसलेल्या चलाविषयीची, बहुधा निरुपद्रवी असते. स्तंभाचे नाव अवतरणचिन्हांशिवाय वापरण्याची पद्धत रूढ झाल्यामुळे ती येते, आणि अशी नावे जाहीर करून ठेवण्याची सोय आरमध्ये केलेली आहे.

दुसऱ्यांच्या पॅकेजांवर विसंबण्याची किंमत मला नकाशांनी दाखवली. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचे नकाशे काढायला मी ‘आरजीडॅल’ आणि ‘मॅपटूल्स’ वापरली होती. त्यांचे सांभाळकर्ते निवृत्त होत असल्याने ती पॅकेजे थांबणार, ही सूचना बरीच आधी दिली गेली होती आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘आरजीईओएस’सह ती तिन्ही भांडारातून अभिलेखात गेली. त्यावर उभे असलेले काहीही त्यानंतर इन्स्टॉल होईना. मला त्यांच्या जागी ‘एसएफ’ या नकाशांच्या नव्या पॅकेजावर जायला एक पूर्ण खरीप हंगाम लागला, आणि त्यातही क्रॅनची युरोपातल्या उन्हाळ्याची सुट्टी नेमकी डवरणीच्या, म्हणजे पिकातल्या कोळपणीच्या, दिवसांत आली.

पूर्वी हे सगळे पडताळायला वेगवेगळे संगणक हाताशी लागत. विंडोजसाठी उवे लिगेस यांची ‘विन-बिल्डर’ सेवा पॅकेज घेऊन निकाल ईमेलने पाठवू लागली, त्यानंतर ट्रॅव्हिस ही ऑनलाइन तपासणीसेवा आली आणि प्रत्येक बदलासरशी तपासणी आपोआप होऊ लागली. ट्रॅव्हिसची फुकट सोय २०२० च्या अखेरीस आटल्यावर बहुतेक पॅकेजे २०१९ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या गिटहब ॲक्शन्स या तशाच सेवेवर गेली. आता गावातून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काही किलोबाइटांचा बदल पाठवला की लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर परदेशातले सर्व्हर तो तपासतात, आणि वीज गेलेली असली तरी लॉग फोनवर वाचता येतो. कवठा आणि कळंबाची अदलाबदल मला अशीच, शेतातल्या मचाणावर बसून, सापडली.