दुर्मिळ वृक्षबेडकांचे बंदिस्त प्रजनन

निसर्गात नामशेष होऊ घातलेल्या झाडावरच्या बेडकांची वीण प्राणिसंग्रहालये, वनस्पती उद्याने व संशोधन केंद्रांत देखरेखीखाली घडवून आणण्याची पद्धत. जंगलतोड हे या बेडकांच्या ऱ्हासाचे जुने कारण. त्यात कायट्रिड बुरशीची भर पडली. १९९९ साली शास्त्रीय वर्णन झालेली ही बुरशी कातडीत वाढते. बेडूक कातडीवाटेच पाणी व क्षार घेत असल्याने शरीरातील क्षारांचे संतुलन ढळते आणि अखेर हृदय बंद पडते. म्हणून संवर्धनाच्या खोल्या, पाणी आणि आत जाणाऱ्यांच्या चपलासुद्धा वेगळ्या ठेवतात.

विणीची किल्ली म्हणजे पाऊस. काही आठवडे पेटीतील फवारणी कमी करून कोरडा ऋतू आणतात. मग जोड्या पर्जन्यपेटीत सोडतात : तळातील पाणी पंपाने वर चढते आणि भोके पाडलेल्या नळीतून रात्रभर कोसळत राहते. नर ओरडू लागतात. गप्प राहिलेच तर त्यांच्याच जातीचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवतात. पाऊस पाडणे त्यामानाने सोपे. अंडी कुठे घालायची, हे मात्र जातीगणिक बदलते. लाल डोळ्यांचा वृक्षबेडूक पाण्यावर झुकलेल्या पानावर अंडी चिकटवतो, काही जाती फेसाचे घरटे करतात, तर काहींना पाणी साचलेली झाडाची ढोलीच लागते.

पनामातील रॅबचा वृक्षबेडूक असाच ढोलीत विणणारा. नर तिथे राखण करतो आणि पिल्ले त्याच्या पाठीची कातडी खरवडून खातात. बुरशीची साथ पोचण्याआधी, २००५ मध्ये, काही बेडूक अमेरिकेतील अटलांटाला नेले गेले. जातीचे नामकरण झाले २००८ मध्ये. नाव मिळेपर्यंत उशीर झालाच होता. बंदिवासातील समूह काही वाढला नाही. ‘टफी’ हा शेवटचा ज्ञात नर २६ सप्टेंबर २०१६ रोजी अटलांटा वनस्पती उद्यानात मेला.

अंडी फुटली म्हणजे काम झाले, असेही नाही. पुढचे पाय फुटलेल्या पिल्लांना पाण्याबाहेर चढायला उतार लागतो, नाहीतर ती बुडतात. शेपूट विरेपर्यंत ती खातही नाहीत. नंतर पंख नसलेल्या फळमाश्या व बारीक मातीकीटक देतात, तेही कॅल्शियम आणि ड-३ जीवनसत्त्वाची पूड लावून. अ जीवनसत्त्व कमी पडले तर जीभ भक्ष्याला नीट चिकटत नाही. काड्यांसारखे बारीक, निकामी पाय घेऊन बाहेर येणारी पिल्ले ही अनेक केंद्रांची डोकेदुखी आहे. थोड्याच बेडकांपासून समूह वाढवायचा असल्याने कोणाची जोडी कोणाशी लावली, याची वंशनोंदही काटेकोर ठेवावी लागते.

बाहेर सोडणे हा सर्वांत कच्चा दुवा. ऑस्ट्रेलियात हिरव्या-सोनेरी बेल बेडकाची पिल्ले सोडली गेली, पण बुरशी तिथेच दबा धरून असल्याने बरेच प्रयत्न फसले. किंचित खारट पाण्यात ही बुरशी कमी फोफावते, असे दिसल्यावर तळ्यांत मीठ मिसळण्याचे प्रयोगही झाले.