इथर लिपिड तोडणारं एन्झाइम: १९६४ ते २०१०

स्निग्ध पदार्थांचं रसायन शिकवायला सोलापुरात करडईच्या तेलाइतकं सोयीचं दुसरं काही नाही. तेलात कॉस्टिक सोडा घालून उकळलं की फॅटी आम्लांचा साबण होतो आणि ग्लिसरॉल मोकळं होतं, कारण तेलातले बंध एस्टरचे. बंध इथरचा असेल तर मात्र कितीही उकळा, तो तुटत नाही. १९२२ मध्ये त्सुजिमोतो आणि तोयामा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी शार्कच्या यकृततेलातून जे अल्कोहोल वेगळे केले, ते याच साबण न होणाऱ्या भागातले. असा इथर बंध असलेले स्निग्ध पदार्थ, म्हणजे इथर लिपिडं, माणसाच्या शरीरातही असतात, मेंदूत आणि हृदयात तर भरपूर.

सोड्याला दाद न देणारा हा बंध शरीर तोडतं कसं? टिएट्झ, लिंडबर्ग आणि केनेडी यांनी १९६४ मध्ये उंदराच्या यकृतावर काम करून उत्तर दिलं. तिथलं एन्झाइम ऑक्सिजन वापरून इथर बंधालगतच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट बसवतं. असा रेणू टिकत नाही. तो आपोआप फुटून फॅटी अल्डिहाइड आणि ग्लिसरॉल मिळतं. या कामाला टेरिन जातीचा सहघटक, म्हणजे एन्झाइमला मदत करणारा छोटा रेणू, लागतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं. त्या आधीच्याच वर्षी कॉफमन यांनी फेनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लावर काम करणाऱ्या एन्झाइमचा सहघटक ओळखला होता. त्याचं कार्यरत रूप म्हणजे टेट्राहायड्रोबायोप्टेरिन. म्हणजे निरीक्षण अगदी वेळेवर झालं होतं.

पुढे मात्र गाडी अडली. हे प्रथिन पेशीच्या पटलात रुतलेलं, आणि बाहेर काढलं की निकामी होणारं. शुद्ध प्रथिन नाही, त्यामुळे अमिनो आम्लांचा क्रम नाही, आणि म्हणून जनुकही नाही. त्याच काळात टेट्राहायड्रोबायोप्टेरिनवर चालणारी इतर एन्झाइमं पुस्तकात ठळक होत गेली. १९८९ मध्ये नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइमही त्या यादीत आलं. आमचं हे जुनं एन्झाइम तळटीपेतच राहिलं, याची मला अजूनही हळहळ वाटते.

२०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये कॅट्रिन वॉचिंगर, अर्न्स्ट वेर्नर आणि सहकाऱ्यांनी शुद्धीकरणाचा नाद सोडला. संगणकाने संभाव्य जनुकं निवडायची, पेशींत घालायची आणि कुठे क्रिया दिसते ते पाहायचं. क्रिया दिसली टीएमईएम-१९५ या जनुकात. काम माहीत नसल्याने तोवर त्याला नुसता क्रमांकच होता. आता त्याला अल्किलग्लिसरॉल मोनोऑक्सिजनेज म्हणतात. त्याची रचना टेट्राहायड्रोबायोप्टेरिनवर चालणाऱ्या आधीच्या दोन्ही गटांशी (एक फेनिलअ‍ॅलनिनच्या एन्झाइमचा, दुसरा नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्यांचा) जुळेना, म्हणून तिसरा गट मानावा लागला. २०१२ मध्ये त्याच गटाने दाखवलं की त्यातली आठ हिस्टिडिनं (हे एक अमिनो आम्ल) क्रियेला अत्यावश्यक आहेत.

२०१९-२० मध्ये प्लास्मालोजेन या इथर लिपिडाचा खास दुहेरी बंध तयार करणाऱ्या एन्झाइमचं जनुकही असंच एका क्रमांकाआड सापडलं: टीएमईएम-१८९. त्याचीही क्रिया १९७० च्या दशकापासून ठाऊक होती.