टेस्टोस्टेरॉनचा आकडा ‘लो’ आला म्हणून लगेच जेल लावायचं नसतं

टेस्टोस्टेरॉन म्हटलं की आपल्याकडं दाढीमिशा, जिम आणि तालमीतली पोरंच आठवतात, बायकांचा त्याच्याशी काय संबंध असं वाटतं. पण पाळी गेल्यानंतर बाईच्या रक्तात वजनाने बघितलं तर इस्ट्रोजेन या बायकांच्या मुख्य हॉर्मोनपेक्षा टेस्टोस्टेरॉनच जास्त असतं. अंडाशय आणि किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथी ते बनवतात, आणि विशीनंतर ते हळूहळू कमी होत जातं, चाळिशीपर्यंत साधारण निम्म्यावर येतं. पाळी थांबली म्हणून ते इस्ट्रोजेनसारखं धाडकन पडत नाही.

धाडकन पडतं ते ऑपरेशनमुळं. सातारा-सांगलीकडं “तिची पिशवी काढली” एवढंच सांगतात आणि विषय संपतो, अंडाशय ठेवले का तेही काढले हे पेशंटला स्वतःलाच माहीत नसतं बऱ्याचदा. दोन्ही अंडाशय गेले असतील तर टेस्टोस्टेरॉन जवळपास अर्ध्याने उतरतं, म्हणून हॉर्मोनचं काहीही सुरू करायच्या आधी डिस्चार्ज कार्ड शोधून काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता टेस्टोस्टेरॉन औषध म्हणून, म्हणजे कातडीला लावायचं जेल किंवा क्रीम, कुणाला द्यायचं? 2019 मधे जगभरातल्या बऱ्याच वैद्यकीय संस्थांनी मिळून एक मत मांडलं, त्यात पाळी गेलेल्या बायकांसाठी एकच कारण मान्य केलंय, ते म्हणजे शरीरसंबंधांची इच्छाच गेलीय आणि त्याचा त्या बाईला स्वतःला त्रास होतोय. नवऱ्याला होतोय म्हणून नाही! थकवा, मूड, विसराळूपणा, हाडं यासाठी पुरावा नाही. त्याच वर्षी 36 चाचण्यांमधल्या 8,480 बायकांची माहिती एकत्र करून बघितली तेव्हा फायदा दिसला, पण सरासरीने महिन्याला एखादा समाधानकारक प्रसंग वाढला एवढाच. काहींना तेवढ्यानेही खूप फरक पडतो, पण रील्सवर ‘पुन्हा पंचविशी’ म्हणून जे विकतात ते हे नव्हे.

आणि गंमत म्हणजे निदान रक्ताच्या आकड्यावरून होतच नाही. अमुकच्या खाली गेलं की इच्छा जाते अशी रेषा सापडलेलीच नाही, आकडा कमी असून मजेत असलेल्या बायका आहेत आणि आकडा चांगला असून त्रासलेल्याही आहेत. मग टेस्ट कशाला करायची, तर वरच्या टोकासाठी. सुरू करण्याआधी एकदा, म्हणजे आधीच भरपूर असेल तर द्यायचंच नाही, मग 3 ते 6 आठवड्यांनी, आणि पुढं दर सहा महिन्यांनी, डोस बायकांच्या नेहमीच्या पातळीच्या वर चाललाय का हे बघायला. सहा महिन्यांत काहीच फरक नाही पडला तर बंद.

मोजण्यातच खरी मेख आहे. बायकांमधे हे साधारण 15 ते 70 नॅनोग्रॅम पर डेसीलिटर, पुरुषांमधे 300 ते 1000. लॅबमधली नेहमीची मशिनं अँटिबॉडी वापरून मोजतात आणि ती पुरुषांच्या रेंजला ठीक चालतात, पण खालच्या आकड्यांना डळमळतात, ॲड्रिनलमधले दुसरे हॉर्मोन्सही टेस्टोस्टेरॉन म्हणून मोजून टाकतात. कारखान्याच्या ज्या काट्यावर उसाचा ट्रॅक्टर मोजतात त्यावर चार हळकुंडं ठेवल्यासारखं आहे ते. 2003 मधे क्लिनिकल केमिस्ट्री या जर्नलच्या संपादकीयाने तर बायकांसाठी या टेस्ट अंदाजापेक्षा बऱ्या आहेत का, असंच विचारलं होतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीची, म्हणजे रेणूंच्या वजनावरून हॉर्मोन ओळखणारी टेस्ट जास्त भरवशाची, पण सॅम्पल मोठ्या लॅबला पाठवावं लागतं आणि खर्चही जास्त.

त्यात युनिटचा घोळ. ओळखीतल्या एका वहिनींचा जेल सुरू करण्याआधीचा रिपोर्ट साताऱ्यातला, 0.9, आणि सहा आठवड्यांनी माहेरी सांगलीत केलेला 26, पाचावर धारण बसली त्यांची, आता मिशा फुटणार म्हणून. पहिला आकडा नॅनोमोल पर लिटरमधे होता, दुसरा नॅनोग्रॅम पर डेसीलिटरमधे, आणि 0.9 ला 28.8 ने गुणलं की 26 च येतात. म्हणजे आकडा हललाच नव्हता, आणि डॉक्टरांनी विचारलं ते वेगळंच, रोज लावता का आणि किती लावता? शक्यतो एकाच लॅबमधे, सकाळी टेस्ट करा. ज्या हाताला जेल लावता त्या हातातून रक्त देऊ नका, आकडा उगाच फुगतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबवाल्यांना सांगा, त्याही काही मशिनांना फसवतात.

पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी इस्ट्रोजेनही गोळीतून घेत असाल तर लिव्हरमधे एसएचबीजी नावाचं प्रोटीन वाढतं, ते टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं, टोटल आकडा छान दिसतो पण मोकळं, कामाला येणारं कमीच असतं. पॅच किंवा जेलमधून इस्ट्रोजेन घेतलं तर हे फारसं होत नाही, त्यामुळं टेस्टोस्टेरॉनचा डोस वाढवण्याआधी डॉक्टर बऱ्याचदा हेच बदलून बघतात.

ऑस्ट्रेलियात खास बायकांसाठीच्या क्रीमला 2020 मधे मान्यता मिळाली, त्याचा रोजचा डोस 5 मिलिग्रॅम. बाकी बऱ्याच ठिकाणी पुरुषांचंच जेल थोडंथोडं वापरतात, त्याच्या एका पाकिटात 50 मिलिग्रॅम असेल तर ते दहा दिवस पुरवायचं, आणि बोटावर अंदाजाने काढताना जास्त जातंच. इंजेक्शन आणि कातडीखाली बसवायच्या पेलेट्स नकोत असं तज्ज्ञ म्हणतात, कारण पातळी फार वर जाते आणि पेलेट एकदा बसवली की डोस कमी करता येत नाही. पिंपल्स, हनुवटीवरचे केस ही जास्त झाल्याची पहिली लक्षणं, आवाज घोगरा झाला तर तो औषध बंद करूनही परत येईलच असं नाही, त्यामुळं रिपोर्ट नॉर्मल असला तरी आवाज बदलतोय असं वाटलं की थांबायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. जेल लावल्यावर हात साबणाने धुवा, लावलेली जागा सुकू द्या आणि कपड्याखाली झाका, घरात नातवंडं असतील तर हे जास्तच पाळा, कारण कातडीला कातडी लागून ते लहान मुलांच्या अंगात जातं.