नाण्याची चमक कुठे असते?

जुने चांदीचे नाणे हाती आले की पहिली खुमखुमी येते ती घासण्याची. टूथपेस्ट, जुना ब्रश, दोन मिनिटे, की नाणे लखलखते! लहानपणी हा पराक्रम मीही केला आहे. ते नाणे आजही चकाकते, पण नव्या चमच्यासारखे. नाण्याची रया गेली ती गेलीच.

नाणे पाडताना धातूची चकती दोन ठशांमध्ये प्रचंड दाबाने दाबली जाते. त्या क्षणी घट्ट धातूही मळलेल्या चिकणमातीसारखा मधून कडेकडे सरकतो. या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेघा नाण्यावर राहतात. त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण एकाच दिव्याखाली नाणे कलते धरून डोलवले की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरू लागतात. टांकसाळीची मूळ चमक म्हणतात ती हीच. घासताना काळेपणाबरोबर या रेघाही जातात आणि त्यांच्या जागी ब्रशचे वेडेवाकडे ओरखडे येतात. मग आरे फिरत नाहीत. एखादे नाणे घासलेले आहे का, हे जाणकार असेच ओळखतात.

आणि तो काळेपणा म्हणजे तरी काय? हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीची अभिक्रिया होऊन बनलेले सिल्व्हर सल्फाइड. हा थर जेमतेम काही डझन नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असतो तेव्हा त्यावर साबणाच्या फुग्यासारखे पिवळे, तांबूस, निळे रंग खेळतात. जाड झाला की काळा पडतो. नाणी ‘क्षणात उजळवणारी’ आम्लयुक्त द्रावणे हा थर काढतात खरी, पण थरात अडकलेली चांदीही त्याच्यासोबत जाते. दोन-चारदा बुडवलेले नाणे निस्तेज, मेल्यासारखे दिसते.

नाणे खरे की बनावट, या तपासणीला फार काही लागत नाही: 10 पट दाखवणारे भिंग, व्यास-जाडी मोजणारा व्हर्नियर कॅलिपर आणि 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. नाणे कडेने धरावे, कारण बोटांच्या घामातले क्षार ठसा कायमचा कोरून ठेवतात. ओतीव बनावट नाण्यावर भिंगातून बुडबुड्यांचे खळगे दिसतात, कधी कडेवर साच्याचा सांधा सापडतो. घनता काढायची तर मजेशीर युक्ती आहे. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि नाणे दोऱ्याने पाण्यात असे लोंबकळवा की ते तळाला टेकणार नाही. दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याचे वजन. 11.50 ग्रॅमच्या नाण्याने 1.11 ग्रॅम पाणी सारले तर घनता सुमारे 10.36 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. शुद्ध चांदीची 10.49, म्हणजे तांबे मिसळलेली चांदी असू शकते. ‘असू शकते’ एवढेच, कारण शिसे (11.34) आणि कथील (7.3) बेताने मिसळले तरी हाच आकडा येतो. टंगस्टन तर घनतेत सोन्याला इतके जवळचे की पाणीही फसते.

तांब्या-काशाच्या नाण्यांचा खरा शत्रू वेगळाच. नाणे खारट मातीत पुरलेले असेल तर त्यात क्युप्रस क्लोराइड दबा धरून बसते. दमट हवा लागली की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, ते आणखी तांबे खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड... चक्र थांबतच नाही. याला ‘ब्राँझचा रोग’ म्हणतात, पण जंतूबिंतू काही नसतात. लाकडी टूथपिकने हलकेच टोकरून पाहा. गुळगुळीत, टणक हिरवा थर निरुपद्रवी, वयाची खूण; फिकट हिरवी भुकटी झडली तर नाणे लगेच वेगळे काढा, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डबीत कोरडे ठेवा आणि संवर्धकाला दाखवा.

हिरवा चिकट पापुद्रा मात्र बहुधा आपल्याच पाकिटांची देणगी असते. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटांतून प्लॅस्टिसायझर, म्हणजे प्लॅस्टिक मऊ ठेवणारे रसायन, पाझरते, पुढे आम्लही सुटते. शुद्ध अॅसिटोन हा पापुद्रा विरघळवते आणि धातूला हात लावत नाही. काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून, ज्योतीपासून दूर नाणे बुडवावे आणि न पुसता वाळू द्यावे. नखांचे रंग काढायचे द्रावण चालणार नाही, त्यात तेले आणि सुगंध असतात. नवी पाकिटे पॉलिएस्टरची घ्यावीत. रबरबँड तर जवळही नको, त्यात गंधक असते. आणि ओकच्या लाकडाची ती देखणी पेटी? त्या लाकडातून अॅसेटिक आम्लाची वाफ येत राहते. तीत ठेवलेल्या शिशाच्या नाण्यांवर पांढरी भुकटी चढू लागते.