अंजीर म्हटलं की शेवट ऐकू यायचा

परवा व्हॉट्सअॅपवर परत तो मेसेज आला, हिब्रू बायबलमधली ठरावीक अंतरावरची अक्षरं उचलली की जगाचं भविष्य निघतं म्हणे. जुन्या हिब्रू लिपीत मुख्यतः व्यंजनंच लिहायचे, त्यामुळे एवढ्या मोठ्या मजकुरात हवा तो शब्द कुठे ना कुठे सापडतोच, एका जाडजूड इंग्रजी कादंबरीतूनही लोकांनी अशी "भविष्यं" काढून दाखवलीत. असल्या फॉरवर्डमुळे हिब्रू बायबलमधल्या कवितेतली खरी कमाल झाकली जाते याचं मला वाईट वाटतं, कारण ती कमाल कानाने ऐकायची आहे.

आमोस हा ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला संदेष्टा, त्याच्या नावाचं पुस्तक बायबलमध्ये आहे. देव त्याला विचारतो, काय दिसतंय? तो म्हणतो, कायित्सची टोपली. कायित्स म्हणजे उन्हाळी फळं, बहुतेक अंजीरच. लगेच देव म्हणतो, माझ्या इस्राएल लोकांचा केत्स आलाय, केत्स म्हणजे शेवट! दोन्ही शब्दांचे धातू वेगळे, एकात क-य-त्स, दुसऱ्यात क-त्स-त्स, अर्थाचा काही संबंध नाही, जुळतो तो फक्त आवाज.

पण किती जुळतो? आमोस दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातल्या तकोआ गावचा, बोलत होता उत्तरेकडच्या इस्राएल राज्यातल्या बेथेलला, आणि उत्तरेकडच्या बोलीत 'आय'चा 'ए' व्हायचा, आपल्याकडे तैलचं तेल झालं ना, तसंच. पुरावा आहे. शोमरोनला, म्हणजे उत्तरेकडच्या राज्याच्या राजधानीत, खापरांवर शाईने लिहिलेल्या नोंदी सापडल्या, त्यात वाइनसाठीच्या 'यायिन' शब्दातला मधला य गायब आहे, नुसतं 'य-न', म्हणजे 'येन' म्हणत असणार. गेझेर या प्राचीन शहराच्या जागी 1908 साली चुनखडीची तळहाताएवढी पाटी मिळाली, शेतीच्या महिन्यांची, तिच्यात उन्हाळी फळांचा महिना लिहिलाय 'क-त्स', मधला य नाही. अगदी 'शेवट' लिहितात तसाच!

म्हणजे बेथेलच्या माणसाला दोन्ही शब्द बहुधा एकच ऐकू येत होते, फळांचं नाव घेताघेताच त्याच्या कानावर शेवट पडत होता. पुढे दीडेक हजार वर्षांनी तिबेरिया शहरातल्या मासोरी पंडितांनी, म्हणजे बायबलचा मजकूर काटेकोर जपणाऱ्या ज्यू विद्वानांनी, स्वरांच्या खुणा घातल्या तेव्हा कायित्स आणि केत्स वेगवेगळे लिहिले गेले, आजच्या छापील प्रतीत तसेच दिसतात.