इंजिन ऑईल: दाटपणा वेगळा, दर्जा वेगळा

नव्या छोट्या पेट्रोल गाडीचं ऑईल घ्यायला पुण्याच्या नाना पेठेत गेलात की काउंटरवरचा पहिला प्रश्न असतो, "कुठलं ग्रेड?" तुम्ही गाडीच्या पुस्तिकेत बघून ०डब्ल्यू-२० सांगता. लगेच सल्ला येतो, "ते पाण्यासारखं असतं हो. ५डब्ल्यू-३० न्या, जरा जाड आहे, इंजिन टिकेल." शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक बरोबर उलटं सांगतं, "झिरोवालं महाग आहे ना? म्हणजे तेच भारी." दोघांची चूक मात्र एकच. डब्यावरचा दाटपणाचा आकडा ते दर्जाचा म्हणून वाचतायत. दर्जा डब्यावर वेगळा लिहिलेला असतो आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

डबा हातात घ्या आणि फिरवा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांच्या गर्दीत बऱ्याच डब्यांवर एक गोल शिक्का असतो, बाहेर कडं आणि आत छोटं वर्तुळ. हा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, म्हणजे एपीआयचा शिक्का. आतल्या वर्तुळात 'एसएई ०डब्ल्यू-२०' असं असतं, तो दाटपणा. कड्याच्या वरच्या भागात 'एपीआय सर्व्हिस एसपी' असं असतं, तो दर्जा. दोन्ही एकाच शिक्क्यात असले तरी एकावरून दुसरं ठरत नाही. ५डब्ल्यू-३० हे ऑईल २०१० साली आलेल्या एसएन दर्जाचं असू शकतं आणि २०२० साली आलेल्या एसपी दर्जाचंही. आकडा तोच, आतला माल वेगळा.

आधी दाटपणा. पहिला आकडा थंडीचा. ०डब्ल्यू ऑईलची गार इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. पुण्यातला आजवरचा नीचांक १.७ अंश, तोही जानेवारी १९३५ मधला. खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते अशा सकाळीही ही दोन्ही ऑईलं इंजिनात विनातक्रार वाहतात. त्यामुळे पुण्यातच गाडी चालवणाऱ्याने 'झिरो'साठी म्हणून जास्त पैसे मोजू नयेत. मोजायचे तर दुसऱ्या आकड्यासाठी आणि दर्जासाठी मोजावेत.

दुसरा आकडा तापलेल्या ऑईलचा. १०० अंशांना २० ग्रेडचा दाटपणा ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्सच्या (दाटपणा मोजायचं एकक) दरम्यान असतो, ३० ग्रेडचा ९.३ ते १२.५. इथे पुण्यात नेहमी एक वाद ऐकू येतो: "एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पातळ ऑईल कसं टिकणार?" पण बाहेर दहा अंश असोत की चाळीस, इंजिन एकदा तापलं की थर्मोस्टॅट कूलंटचं तापमान ठरलेल्या टप्प्यात राखतो आणि ऑईलही साधारण नव्वद ते एकशेदहाच्या आसपास राहतं. बाहेरच्या उन्हाचा परिणाम होतो, पण लोकांना वाटतो त्याच्या कितीतरी कमी. शिवाय सकाळी गाडी सुरू करताना ०डब्ल्यू-२० सुद्धा 'पाणी' नसतं. तापल्यावर असतं त्याच्या दहापटीहून जास्त दाट असतं. उलट त्या पहिल्या काही मिनिटांत ऑईल जितकं लवकर वर चढेल तितकं बरं.

बेअरिंगमधली फट, ऑईल पंपाची ताकद, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेतल्या बारीक वाटा, हे सगळं कंपनीने एका ठरावीक दाटपणाला धरून बेतलेलं असतं. त्यात जाड ऑईल घातलं म्हणून इंजिन मजबूत होत नाही. पंपाला जास्त जोर लावावा लागतो, ऑईलच्या दाबावर चालणारी टायमिंगची यंत्रणा सुस्तावू शकते आणि ॲव्हरेज थोडं पडतं.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. कंपन्या पातळ ऑईलकडे वळल्या त्यामागे इंधन बचतीचे नियम हे मोठं कारण आहे. काही पुस्तिकांमध्ये ०डब्ल्यू-२० च्या शेजारी ५डब्ल्यू-३० लाही परवानगी असते. तशी ती असेल आणि तुम्ही चार माणसं, सामान घेऊन दर शनिवार-रविवारी वरंधा किंवा ताम्हिणी घाट चढत असाल, तर ५डब्ल्यू-३० घ्यायला माझी काहीच हरकत नाही. १५० अंशांना, जोरात घासलं जात असताना २० ग्रेडचा दाटपणा किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद (हे वेगळं एकक) असावा लागतो, ३० ग्रेडचा २.९. फरक छोटा आहे, पण तापलेल्या बेअरिंगमध्ये तो उपयोगी पडतो. परवानगी नसेल तर नेहमीच्या वापरासाठी तो विषय संपला.

दर्जाकडे मात्र खरं लक्ष द्यायला हवं, कारण तिथे चुकलं तर इंजिन फुटू शकतं. तुमच्या गाडीत एक लिटरचं टर्बो, डायरेक्ट इंजेक्शनवालं पेट्रोल इंजिन आहे असं समजा. कात्रजच्या चढावर गिअर न बदलता, हजार-दीड हजार आरपीएमवरच ॲक्सिलरेटर दाबला. अशा वेळी सिलिंडरमध्ये दाब खूप असतो आणि वेग कमी. भिंतीवरून सुटलेला ऑईल-पेट्रोलचा थेंब स्पार्क पडायच्या आधीच पेटू शकतो. धाडकन बसणाऱ्या त्या धक्क्याने पिस्टनला तडा गेल्याची उदाहरणं आहेत. ऑईलमधल्या कॅल्शियमवाल्या डिटर्जंटमुळे हा प्रकार वाढतो असं आढळलं, म्हणून नव्या ऑईलांत त्याचा बराच भाग मॅग्नेशियमने भरून काढतात. एसपी दर्जाला हा धोका तपासणारी चाचणी पार करावी लागते, टायमिंग चेनच्या झिजेचीही करावी लागते. जुन्या एसएनला दोन्ही नव्हत्या. म्हणजे "जाड आहे, टिकेल" म्हणून दिलेला एसएनचा ५डब्ल्यू-३० डबा नेमक्या या जागी उघडा पडतो. एसपीच्या पुढचा एसक्यू दर्जा २०२५ मध्ये आला. पेट्रोल ऑईलमध्ये नवा दर्जा जुन्याच्या जागी चालतो, जुना नव्याच्या जागी नाही.

दाटपणा सारखा असून माल वेगळा कसा असतो, याचं पुण्यातलं सगळ्यात जवळचं उदाहरण दुचाकीचं आहे. १०डब्ल्यू-३० बाईकच्या ऑईलवर असतं आणि कारच्याही. पण बहुतेक बाईकचा क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो, म्हणून तिला जासो एमए हा बाईकच्या ऑईलचा जपानी दर्जा लागतो. कारचं, घर्षण कमी करणारं ऑईल घातलं तर क्लच घसरू शकतो. घरात गाडी आणि बाईक दोन्ही असतील तर उरलेलं ऑईल इकडचं तिकडे ओतू नका.

बीएस ६ डिझेल गाडीचा मामला आणखी वेगळा. तिथे काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि ऑईलमधली राख त्यात साचत जाते, म्हणून पुस्तिकेत बहुधा एसीईए या युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचा सी२, सी३ असा कमी राखेचा दर्जा सांगितलेला असतो. फोक्सवॅगनसारख्या काही कंपन्या स्वतःचा मंजुरी क्रमांकही देतात. तो दिला असेल तर डब्यावर तोच क्रमांक हवा. 'फुल्ली सिंथेटिक' हे शब्द यातल्या कशाचीच जागा घेत नाहीत. ते मूळ तेलाबद्दल सांगतात, चाचण्यांबद्दल नाही.

म्हणून दुकानात दोन्ही गोष्टी एका दमात मागा: "०डब्ल्यू-२०, एपीआय एसपी." बिलावरही तसंच लिहून घ्या, वॉरंटीत उपयोगी पडतं. आणि रोज घर ते ऑफिस चार-पाच किलोमीटरच जात असाल, तेही सिंहगड रोडच्या गर्दीत, तर किलोमीटर भरायची वाट बघू नका. अशा वापरात ऑईल पुरतं तापत नाही, त्यात पेट्रोल आणि पाणी मुरत राहतं. पुस्तिकेत खडतर वापराचं वेगळं वेळापत्रक असतं, ते पाळा. नसेल तर वर्षाला ऑईल बदलाच.

प्रवासात पट्टीवर ऑईल खालच्या खुणेच्या खाली दिसलं आणि पंपावर ०डब्ल्यू-२० मिळालं नाही, तर एसपी दर्जाचं ५डब्ल्यू-३० अर्धा लिटर बिनधास्त घाला. कमी ऑईलवर गाडी पुढे दामटण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. पुण्यात परतल्यावर पुढच्या सर्व्हिसिंगला ते निघून जाईल.